पाणी प्यायलेली गिटार

रघुदादा मोटरचा आजार कानाने ओळखतो. आनंदनगर एमआयडीसीतल्या ज्या वाइंडिंगच्या दुकानात तो कामाला आहे, तिथे आजूबाजूच्या कारखान्यांतून जळक्या मोटरी येतात. टेम्पोतून मोटर खाली उतरायच्या आधीच हा ड्रायव्हरला विचारतो, "बंद पडताना कशी ओरडली?" ड्रायव्हर बिचारा काय सांगणार! मग हाच तोंडाने आवाज काढून दाखवतो. "घुंऽऽ अशी, का घर्रर्र अशी?" ड्रायव्हर इकडेतिकडे बघत, लाजत लाजत "घुंऽऽ" म्हणतो, आणि रघुदादा मोटर न उघडता सांगून मोकळा होतो की बेअरिंग गेलंय का कॉइल जळलीय. दहातल्या नऊ वेळा बरोबर निघतं. दहाव्या वेळी ड्रायव्हरने आवाज चुकीचा काढलेला असतो, असं त्याचं म्हणणं.

अशा या माणसाला स्वतःच्या गिटारचा आजार सहा महिने कळला नाही. त्याची चेष्टा करायला मी हे लिहितोय असं त्याला वाटेल. ते अगदीच खोटं नाही.

रघुनाथ म्हसकर, वय अडतीस, राहणार कात्रप, बदलापूर पूर्व. मूळ गाव बारवी धरणाच्या अंगाला. तिथे भात चांगला होतो, करवंदं चांगली होतात आणि मोबाइलला रेंज मात्र होत नाही. आमच्या भागात हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठं काम. लग्नाला नाही आलात तर लोक समजून घेतात, पण हळदीला नाही आलात तर पुढच्या पिढीपर्यंत बोलणं बंद. त्या हळदीत बेंजो, म्हणजे बटणं दाबून छेडायचं तारवाद्य, वाजवणारी पार्टी आली की गावची सगळी पोरं नाचायची आणि रघुदादा मात्र बेंजोवाल्याच्या बाजूला उभा राहून त्याच्या बोटांकडे बघत बसायचा. त्याच्या आईला वाटायचं, पोरगं लाजाळू आहे. पोरगं लाजाळू नव्हतं, चोरी करत होतं. घरी येऊन तेच सूर तो तांब्यावर, पत्र्यावर, ताणून बांधलेल्या तारेवर काढायचा.

पुढे अंबरनाथला आयटीआयत वाइंडिंगचा ट्रेड केला, नोकरी लागली, आणि पहिल्याच वर्षी उल्हासनगरच्या कॅम्पातून एक वापरलेली लाल इलेक्ट्रिक गिटार आणली. शिकवणारा कुणी नव्हता. त्यामुळे हात गिटारवर, पण बोटं बेंजोची. गिटार येणारा कुणी बघितलं तर त्याला चक्कर येईल. पण ऐकलं तर पाय हलतील.

हे मला पक्कं माहीत आहे, कारण राजूशेठच्या म्युझिकल पार्टीत मी त्याच्या शेजारीच उभा असतो. मी ऑक्टोपॅड वाजवतो. ऑक्टोपॅड म्हणजे काठ्यांनी बडवायचे रबरी आठ चौकोन, त्यातून ढोलकीपासून काच फुटण्यापर्यंत सगळे आवाज निघतात. कीबोर्डवर करण, बावीस वर्षांचा, केसांना सोनेरी पट्टा. मिक्सरवर स्वतः राजूशेठ, म्हणजे राजेंद्र, पार्टीचे मालक. आणि गाणं सुरू व्हायच्या आधी जी एक ओळ लागते, जी ऐकून खुर्च्यांवर गप्पा मारणाऱ्या बायका बोलता बोलता थांबतात आणि पदर खोचून उठतात, ती ओळ रघुदादाच्या गिटारची. पंधरा वर्षं ती ओळ त्याचीच.

गेल्या जुलैत उल्हास नदीचं पाणी मांजर्लीत शिरलं. पार्टीचं सामान ठेवायचा गाळा तिथेच आहे. राजूशेठनी स्पीकर माळ्यावर चढवले, मिक्सर चढवला, जनरेटर रस्त्यावर ढकलत नेला. गिटार खिळ्याला टांगलेली होती, ती तशीच राहिली. दोन दिवस ती कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. आम्ही गेलो तेव्हा तिच्या मानेत एक प्लॅस्टिकची पिशवी अडकली होती. "हार घातलाय नदीने," मी म्हणालो. रघुदादा हसला नाही. त्या दिवशी मला कळलं की काही विषयांवर विनोद करायचा नसतो.

आता इथे थोडं समजावून सांगतो. इलेक्ट्रिक गिटारला पोकळ पोट नसतं. तारांच्या खाली चुंबकावर केसासारख्या तारेचे हजारो वेढे दिलेली कॉइल असते. वरची तार थरथरली की कॉइलमधली वीज थरथरते आणि स्पीकरमधून सूर येतो. या कॉइलला पिकअप म्हणतात. रघुदादाच्या गिटारला अशा दोन आहेत, एक मानेकडची आणि एक खालची, घोडीजवळची. शेजारी एक छोटा खटका. वर केला की वरची एकटी चालू, खाली केला की खालची एकटी, मधोमध ठेवला की दोघी एकदम. रघुदादा खटका कायम मधोमध ठेवतो. "दोन पंप लावले की पाणी जास्त चढतं," हे त्याचं शास्त्र. नाचणाऱ्याचा धक्का लागून तो सरकू नये म्हणून त्याने वरून काळी इन्सुलेशन टेपच मारून टाकलेली. वाइंडिंगवाल्यांना देवाने टेप दिली की ते जगाला गुंडाळत सुटतात.

पुरानंतर गिटार वाळवली तर खालची कॉइल मेलेली. दुसरा कुणी असता तर नवी आणली असती. रघुदादा म्हणाला, "कॉइलच आहे ना? मग दुसऱ्याच्या दारात कशाला जायचं?"

बारीक तारेसाठी आम्ही उल्हासनगरला जेठानंदच्या दुकानात गेलो. जेठानंद साठीचा, गल्ल्यावर बसून कायम भिजवलेले बदाम खातो. त्याने तारेचं रीळ उजेडात धरलं. "साईं, ये तो बाल है. ये मोटर में डालोगे तो मोटर शरम से मर जाएगी."

"मोटर नाय, गिटार," रघुदादा म्हणाला.

"गिटार में तार ऊपर होती है ना?"

"अंदर भी होती है, साईं."

जेठानंदने बदाम चघळत माझ्याकडे बघितलं. हा बरा आहे ना, असा प्रश्न त्या नजरेत होता.

शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी असते. त्या दिवशी मालकाला विचारून रघुदादाने दुकान उघडलं आणि वेढे मारायच्या मशीनवर बसला. हा माणूस डावखुरा आहे. जेवतो उजव्याने, कारण लहानपणी आईने लाटणं घेऊन शिकवलं. बाकी सगळं डाव्याने. मशीनचं हँडलसुद्धा त्याने पूर्वीच त्याच्या बाजूला बसवून घेतलंय, त्यामुळे दुकानातले बाकीचे त्या मशीनला हात लावत नाहीत. सात हजार वेढे. मध्ये दोनदा तार तुटली, दोनदा पहिल्यापासून. संध्याकाळी कॉइल बसवली, गिटार दुकानातल्या डब्याएवढ्या स्पीकरला लावली, आणि सूर आला.

आणखी एक गोष्ट झाली. पूर्वी गिटार जोडली की स्पीकरमधून एक बारीक भुणभुण यायची, भिंतीआड माशी अडकल्यासारखी. तिला आम्ही 'हम' म्हणतो. तो हम गेला. एकदम शांत. रघुदादाने मला स्पीकरला कान लावायला लावला.

"काय ऐकू येतंय?"

"काहीच नाही."

"हे वाइंडिंग," तो म्हणाला. "कंपनीवाल्यांना बोलाव आणि दाखव."

पुढचे आठ दिवस कात्रपात त्याला जो भेटेल त्याला हम गेल्याची बातमी मिळाली. ज्यांना हम होता हेच माहीत नव्हतं, त्यांनीही अभिनंदन केलं.

आनंद टिकला पहिल्या हळदीपर्यंत. कात्रपातच मंडप होता, नवरदेव आखातात जायचा म्हणून ऐन चातुर्मासात. रघुदादाने ओळ वाजवली आणि माझ्या हातातल्या काठ्या थांबल्या. सूर बरोबर होते, बोटं तीच होती, पण आवाजातलं मांस गेलं होतं. नुसती हाडं. स्टीलच्या ताटावर चमचा ओढावा तसा कोरडा, पातळ. बायका बसून राहिल्या. पुढच्या रांगेत सुंदराबाई होत्या. आमच्या भागातली एकही हळद त्यांच्याशिवाय होत नाही, त्यांना आमंत्रण लागत नाही, हळदच त्यांना शोधत जाते. त्यांनी शेजारणीला विचारलं, आणि तेही भरपूर मोठ्याने, "अगो, कुनाचा मोबाइल वाजतोय? उचला की!"

सगळ्यांचं निदान एकच झालं, की गिटार पुराचं पाणी प्यायलीय. राजूशेठ म्हणाले लाकूड फुगलं. करण म्हणाला आतला गंज. मी म्हणालो दोन्ही, म्हणजे कुणी नाराज व्हायला नको. नव्या कॉइलवर कुणी संशयच घेतला नाही, कारण सबंध गिटारमध्ये तेवढीच एक वस्तू नवी होती आणि ती रघुदादाच्या हातची होती. तेव्हापासून तिचं नावच पडलं, 'पाणी प्यायलेली'.

दिवाळीनंतर लग्नसराई लागली. आवाज तसाच. पौषाच्या सुट्टीत राजूशेठनी आम्हाला गाळ्यावर बोलावलं. चहा मागवला. ते चहा मागवतात तेव्हा बातमी वाईट असते.

"रघु, तुझ्या हातावर शंका नाही," ते कपात बघत म्हणाले. "पण लोक उठत नाहीत रे. करणच्या कीबोर्डात गिटारचा आवाज आहे. चांगला आहे. माघात मांजर्लीची हळद आहे, तिथे शेवटचं बघू. नाही जमलं तर तुझी ओळ करण वाजवेल."

करणने मान खाली घातली. त्याच्या सोनेरी पट्ट्यालाही अवघडल्यासारखं झालं असावं.

"आणि मी?" रघुदादाने विचारलं.

"तू कुठे जातोयस? तू जनरेटर बघ. तुझ्याच हातचं काम आहे."

रघुदादा "बरं" म्हणाला. चहा संपवला. परत येताना रेल्वेवरच्या उड्डाणपुलावर त्याने गाडी बाजूला घेतली. मला वाटलं पेट्रोल संपलं.

"वरद, दिवसभर मी मोटरच बघतो," तो म्हणाला. "सुट्टीच्या दिवशी लोक घरचे पंखे आणून देतात, तेही बघतो. हळदीतसुद्धा मोटरच बघायची का मी?"

त्याने किक मारली.

मग सुरू झाले उपचार. तीन आठवड्यांत त्या गिटारवर जेवढे प्रयोग झाले, तेवढे आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत दहा वर्षांत झाले नव्हते. जेठानंदने जाड तारा दिल्या. "साईं, तार पतला तो आवाज पतला. सीधा हिसाब." जाड तारांनी किंचित फरक पडला, म्हणजे ताटावरच्या चमच्याच्या जागी डाव आला. करणने आपला इफेक्टचा डबा आणून दिला, पायाने दाबायचा, लाल दिवा लागणारा. त्यात अपराधीपणा होता की चांगुलपणा, ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्या डब्याने आवाज घुमायला लागला, पण पातळच घुमायला लागला. पाणचट ताकात मसाला कितीही घाला, त्याची कढी होत नाही. राजूशेठनी मिक्सरवर गिटारचा बेस पूर्ण वर केला, तेव्हा गिटार आहे तशीच राहिली आणि गाळ्याचा पत्रा वाजायला लागला.

शेवटचा उपाय रघुदादाने स्वतः शोधला. भिजलेला मोबाइल लोक तांदळात ठेवतात, हे त्याने ऐकलं होतं. गावाहून घरचा तांदूळ आला होता, गिरणीतून काढलेला, अजून न चाळलेला. त्याने अख्खी गिटार त्या पोत्यात उभी केली. आठ दिवस. म्हसकरांच्या स्वयंपाकघरात पोत्यातून एक लाल मान बाहेर आलेली दिसायची.

गोदूवहिनी म्हणजे रघुदादाची बायको. कात्रपातल्या एका बालवाडीत शिकवतात, त्यामुळे घरातही त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. आठही दिवस त्यांनी त्या पोत्यातून गिटारला वळसा घालून तांदूळ काढला. एक शब्द बोलल्या नाहीत. म्हणजे रघुदादाला बोलल्या नाहीत. मी गेलो की माझ्याशी बोलायच्या, त्याला ऐकू जाईल असं.

"वरदभावजी, जेवून जा. भाताला जरा तारेचा वास येतो, पण सवय होते."

हळद रविवारी होती. शुक्रवारी सकाळी मी पोचलो तेव्हा गिटार पोत्यातून निघाली होती. वहिनी तिला ओल्या फडक्याने पुसत होत्या, कारण कोंड्याने ती पिठात घोळलेल्या माशासारखी दिसत होती. सगळ्यात जास्त कोंडा बसला होता त्या चिकट काळ्या टेपवर.

"ही घाण काढते हो," त्या म्हणाल्या आणि रघुदादाने नको म्हणायच्या आत टेप टर्रकन ओढली. जुन्या टुथब्रशने खटका घासला, फडक्याने पुसला, गिटार त्याच्या मांडीवर दिली.

त्याने वायर जोडली, ओळ वाजवली.

मी चहाचा कप खाली ठेवला. आवाज आला होता. गोल, भरलेला. अगदी पूर्वीसारखा दणकट नाही, पण त्यात मांस होतं.

"तांदूळ लागू पडला!" रघुदादा ओरडला. खरंच ओरडला. "गोदू, म्हणत नव्हतो मी? पाणी ओढलं सगळं! वरद, राजूशेठला फोन लाव!"

मी फोन काढला. तोवर त्याने सवयीने खिशातून टेप काढली, खटका मधोमध केला, टेप मारली आणि पुन्हा ओळ वाजवली.

ताटावर चमचा.

मी फोन परत खिशात ठेवला. रघुदादा पोत्याकडे असा बघत होता की गिटार परत आत जाते की काय, अशी मला भीती वाटली.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "आता तुम्ही तो खटका हलवलात ना? मी घासताना तो वरच्या बाजूला गेला होता."

"मग?"

"मग तसाच करून बघा की."

टेप निघाली. खटका वर, आवाज भरलेला. खटका खाली, आवाज जरा टोकदार पण धट्टाकट्टा. मधोमध, चमचा. पुन्हा वर. पुन्हा मध्ये. पाच-सहा वेळा.

वहिनी भिंतीला टेकून ऐकत होत्या. "एकेकट्या असल्या की छान गातायत दोघी," त्या म्हणाल्या. "एकत्र आल्या की एकमेकींचा आवाज खातायत. आपल्या ताई-माईंसारखं."

ताई आणि माई रघुदादाच्या बहिणी. एरवी या वाक्यावर त्या घरात अर्धा तास गेला असता. पण रघुदादाने ते ऐकलंच नाही. तो "एकमेकींचा आवाज खातायत" इथेच थांबला होता. त्याचा चेहरा टेम्पो ड्रायव्हरकडून घुंऽऽ ऐकताना होतो तसा झाला.

"मोटरमध्ये एक कॉइल उलटी जोडली तर काय होतं, माहितीय?" तो मला म्हणाला. "एक ओढते, दुसरी ढकलते. मोटर जागच्या जागी कण्हत बसते. चांगल्या कॉइल, चांगली तार, आणि काम शून्य."

त्याने कामाच्या पिशवीतून काट्याचा मीटर काढला, गिटारच्या तारा सैल केल्या, पत्रा उघडला. वरच्या कॉइलची दोन टोकं मीटरला लावली, स्क्रूड्रायव्हर कॉइलवर टेकवला आणि झटकन उचलला. काटा जरासा उजवीकडे थरथरला. मग खालच्या, त्याच्या स्वतःच्या हातच्या कॉइलला तसंच केलं.

काटा डावीकडे.

पुन्हा केलं. डावीकडे.

रघुदादाने मीटर खाली ठेवला आणि स्वतःच्या डाव्या हाताकडे बघितलं. नंतर तो हवेत हँडल फिरवावं तसा फिरवला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा वहिनींना काळजी वाटायला लागली.

"काय झालं हो?"

"गोदू, माझं मशीन उलटं फिरतं."

"आजच कळलं?"

"आजच कळलं." त्याने कपाळावर हात मारला, तोही डावाच. "मोटर आली की मी तिच्या सगळ्या कॉइल नव्याने भरतो. सगळ्या माझ्या हातच्या, सगळ्या एकाच दिशेच्या. उलट्या तर सगळ्याच उलट्या, म्हणजे कुणाचं भांडण नाही. इतक्या वर्षांत कधी प्रश्नच आला नाही. इथे एक कंपनीची आणि एक माझी!"

वहिनींना आधी हसू फुटलं, मग मला. "म्हणजे नदीचं उगाच नाव घेतलं सहा महिने," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "आणि माझ्या तांदळाचं वाटोळं केलं ते वेगळंच."

रघुदादाही हसत होता, पण मध्येच थांबला. "हमसुद्धा त्यामुळेच गेला होता," तो हळूच म्हणाला. "दोघी उलट्या, म्हणून त्यांची भुणभुण एकमेकींत मिटली. आणि सूरही मिटले. मी ज्याची सगळीकडे फुशारकी मारली..."

त्याचा खरा मुका मार इथे होता. सहा महिने जी शांतता तो लोकांना कान लावून ऐकवत होता, तीच त्याची चूक होती.

"मग एकच वाजव ना," मी सुचवलं. "खटका वर ठेव, विषय संपला. कुणाला सांगायलाही नको."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी लगेच चहा प्यायला सुरुवात केली. "उलटी आहे हे कळल्यावर तशीच ठेवू? माझ्या हातची?"

काम दोन मिनिटांचं. खालच्या कॉइलच्या दोन तारांची अदलाबदल, या तारेच्या जागी ती. सोल्डरिंगची कांडी तापायलाच जास्त वेळ लागला. त्याने गिटार जोडली आणि वाजवायच्या आधीच स्पीकरमधून ती जुनी माशी भुणभुणायला लागली. रघुदादाने खटका मधोमध केला आणि ओळ वाजवली. शेजारच्या जिज्ञासाताईंनी खिडकीतून विचारलं, "वहिनी, कुणाची हळद आहे का?"

रविवारी संध्याकाळी सहाला आम्ही मांजर्लीत उभे होतो. नवरदेव पाटावर, वाटीत हळद कालवलेली, बायका खुर्च्यांवर. पहिल्या रांगेत, अर्थातच, सुंदराबाई. करणने कीबोर्डवर गिटारचा आवाज निवडून ठेवला होता, न जाणो. जनरेटर मंडपामागे धडधडत होता आणि रघुदादा एकदाही तिकडे बघत नव्हता.

त्याने वायर जोडली. स्पीकरमधून हम आला. राजूशेठ मिक्सरमागून दचकून उठले.

"हे काय आता? सहा महिन्यांत एवढी एक गोष्ट चांगली होती, तीही गेली?"

रघुदादाने काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. वायर खराब आहे, प्लग सैल आहे. मी तर दोन-तीन कारणं तयारच ठेवली होती.

"शेठ, पाण्याने काही झालं नव्हतं," तो म्हणाला, करणला आणि बाकीच्यांनाही ऐकू जाईल असं. "कॉइल मी उलटी भरली होती. परवा सरळ केली. हम गेला होता तो त्या चुकीमुळे. चूक काढली, तो परत आला."

राजूशेठ त्याच्याकडे बघत राहिले. "आणि तू अर्ध्या एमआयडीसीच्या मोटरी भरतोस!"

"त्या चालतात, शेठ."

करण खुदकन हसला आणि लगेच गंभीर झाला. राजूशेठ काहीतरी पुटपुटत खाली बसले. गिटारचा आवाज त्यांनी नेहमीसारखा कमीच ठेवला होता.

रघुदादाने डोळे मिटले नाहीत की आकाशाकडे बघितलं नाही. खाली वाकून खटका एकदा बोटाने तपासला. टेप नव्हती. मग ओळ वाजवली.

हमचं काय झालं, मला माहीत नाही. पहिल्या सुरातच तो बुडाला. आवाज मंडपाच्या मागच्या कनातीपर्यंत गेला आणि तिथून भरलेलाच परत आला. राजूशेठचा हात आपोआप मिक्सरवर गेला आणि गिटारची पट्टी वर सरकवली. त्यांच्या पार्टीत मी आजवर त्यांनी कुणाचाही आवाज आपणहून वाढवलेला बघितला नव्हता. करणने कीबोर्डवरचं ते बटण बदललं आणि त्याचे नेहमीचे साधे, लांब सूर त्या ओळीखाली अंथरले.

सुंदराबाई शेजारणीला काहीतरी सांगत होत्या. त्या मध्येच थांबल्या. जे सांगत होत्या ते अर्धवटच राहिलं. खुर्चीचा हात धरून उठल्या, पदर कमरेला खोचला आणि मागे वळून बघितलं, की बाकीच्या अजून बसल्यात कशा?

ते बघण्याच्या नादात माझा ठोका चुकला. एकदा नाही, दोनदा.

रघुदादाने मान वर केली नाही. बोटं बेंजोच्या वेगाने पळत होती.

"वरद," तो म्हणाला, "जनरेटर तू बघतोस का?"